माळ्यावरची भुतं

स्मरणरंजन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. रेडिओवरची गीतमाला, चाळीतला गणपती, सुट्टीतलं मामाचं गाव. पण मैत्रिणींनो, आज पंचेचाळिशी ओलांडलेल्या तुमच्या नवऱ्याला किंवा भावाला एकदा नीट विचारा. त्यातल्या कितीतरी जणांचा गळा दाटून येतो तो यातल्या कशानं नाही. तो येतो मेटालिकाच्या कॅसेटनं, आयर्न मेडनच्या पोस्टरनं आणि ‘बॉल्डर्स गेट’ नावाच्या कॉम्प्युटर गेमच्या पाच सीडींनी! आमच्या माळ्यावर असे तीन खोके आहेत. दोन नवऱ्याचे, आणि एक माझ्या दादाचा. डोंबिवलीचं माहेरचं घर विकलं तेव्हा ‘तुझ्याकडे असू दे गं, नंतर नेतो’ म्हणून तो आला, तो गेली अकरा वर्षं आमच्याकडेच आहे. दर दिवाळीला मी ते खोके टाकायला म्हणून खाली काढते आणि दर दिवाळीला ते धूळ पुसून परत वर जातात.

यावर हसणं सोपं आहे. आमच्या भिशीत तर हा कायमचा विषय. ‘अगं, आमच्याकडे अठ्ठेचाळीस वर्षांचं लेकरू सांभाळतेय मी’ असं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्या खिदळतात. मीही हसते. पण गेली बारा-तेरा वर्षं शाळांमधून आणि वस्त्यांमधून पालकांबरोबर काम करताना माझं एक मत बनत गेलंय. हे खोके टाकू नयेत. उलट घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर ते उघडून बसावं. आणि आत काय आहे हे सांगण्यापेक्षा, तेव्हा घरचे आपल्याबद्दल काय काय म्हणाले होते, कशाकशाला घाबरले होते, ते बाबालोकांनी मुलांना खरंखरं सांगावं.

आधी त्या ‘भुतां’विषयी थोडं. हेवी मेटल जन्मलं ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार वाजवायचा, एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं म्हणून नोकरी सोडली होती. १९६५ सालची गोष्ट. कामाचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला आणि म्हणाला, आता मी काही परत जात नाही. आई म्हणाली, असं अर्धवट टाकायचं नाही, दिवस पुरा करून ये. तो गेला, आणि त्याच दुपारी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा नेमका तोच हात! पोरगा खचला. तेव्हा कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगोचीही बोटं आगीत भाजून अधू झाली होती आणि तो दोन बोटांवर वाजवायचा. मग टोनीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्या बोटांसाठी टोपणं केली, वर चामड्याचे तुकडे चिकटवले. पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून गिटारच्या तारा सैल सोडल्या. त्यानं सूर खाली उतरला, जड झाला. ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडची पहिली रेकॉर्ड एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आली. ज्याला जगभरचे लोक सैतानाचं संगीत म्हणाले, त्याच्या मुळाशी एका कामगार पोराची तुटलेली बोटं आहेत. मला तर राहून राहून त्याच्या आईची आठवण येते. कुठल्या आईनं त्या दुपारी दुसरं काही सांगितलं असतं?

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत यातलं काहीएक माहीत नव्हतं. १९९२-९३ च्या सुमारास दादानं कुठून तरी आयर्न मेडनचं पोस्टर आणलं. त्या बँडचा एक ठरलेला राक्षस आहे, एडी. सांगाड्यासारखा, डोळे वटारलेला. तो नेमका देवघराच्या पाठच्या भिंतीवर आला. आईनं दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी त्याच खिळ्याला कालनिर्णय टांगलं. म्हणजे दिवसा एकादशी-चतुर्थी आणि रात्री दादानं पान उचललं की राक्षस! असं आमच्याकडे वर्षभर चाललं. धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं. १९८६ मध्ये सुरू झालेला हा रॉकचा मेळा, आपले देशी बँड त्यात वाजवायचे. दादा तिथे गेला की शेवटच्या लोकलपर्यंत आई खिडकीत उभी. शेजारच्या काकांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं की ही गाणी ऐकणारी मुलं गर्द घेतात. मग अप्पा गुपचूप दादाचं दप्तर तपासायचे. दप्तरात काय निघायचं? वहीच्या मागच्या पानावर बँडची नावं, टोकदार अक्षरांत काढलेली.

तो दादा आज बँकेत अधिकारी आहे. २०२५ च्या ५ जुलैला ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न बर्मिंगहॅमला, आपल्याच गावात, सिंहासनावर बसून शेवटचं गायला आणि सतराच दिवसांनी गेला. त्या दिवशी दादाचा फोन आला. बराच वेळ बोलेचना. मग म्हणाला, ‘आईला तो वटवाघूळवाला म्हणून माहीत होता गं.’ एवढंच.

तुम्ही म्हणाल, आपल्या आया भोळ्या, घाबरणारच. पण अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या आयासुद्धा याच भुताला घाबरल्या होत्या. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या बड्या राजकारण्यांच्या बायकांनी एक संघटना काढली. त्यात पुढे होत्या टिपर गोर, सिनेटर अल गोर यांच्या पत्नी. लेकीसाठी आणलेल्या एका रेकॉर्डवरचं गाणं ऐकून त्या हादरल्या होत्या. ते गाणं मेटलचं नव्हतंच, प्रिन्सचं होतं. पण त्यांनी काढलेल्या पंधरा आक्षेपार्ह गाण्यांच्या यादीत निम्म्याहून अधिक गाणी मेटल बँडची निघाली! १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर बँडचा डी स्नायडर ते लांब कुरळे केस आणि फाटकी जीन्स अशा अवतारात तिथे आला आणि शांतपणे बोलला. ज्या गाण्यात टिपरबाईंना विकृत छळ दिसला होता, ते त्यानं बँडमधल्या मित्राच्या घशाच्या ऑपरेशनवर लिहिलेलं होतं! सुरी होती ती सर्जनची. शेवटी रेकॉर्डवर पालकांना सावध करणारं लेबल आलं, आणि मुलं ते लेबल बघून मुद्दाम तीच रेकॉर्ड उचलू लागली. आपण लोणच्याच्या बरणीवर ‘हात लावू नये’ लिहिलं तर दुसरं काय होतं?

हसण्याचा भाग इथे संपतो. नेवाडा राज्यात १९८५ च्या डिसेंबरमध्ये दोन तरुण मुलांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. त्यांच्या घरच्यांनी ज्युडास प्रीस्ट या बँडवर दावा लावला, की गाण्यात लपवलेल्या संदेशामुळे मुलांनी हे केलं. १९९० मध्ये खटला चालला आणि न्यायाधीशांनी बँडला दोषी धरलं नाही. त्या मुलांच्या आयुष्यात आधीपासून बरंच काही बिघडलेलं होतं, हेही सुनावणीत पुढे आलं. दुसरीकडे व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग. १९८२ मध्ये त्यांच्या मुलानं आत्महत्या केली. तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचा. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चार-सहा जणांनी बसून खेळायचा हा खेळ १९७४ मध्ये आला. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट पुढे नेतो. या बाईंची खात्री पटली की या खेळातल्या शापानंच मुलाला नेलं. त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांवर दावा लावला, तो टिकला नाही. मग १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटना काढून त्यांनी देशभर रान उठवलं.

मी समुपदेशनाच्या खोलीत अशा आया पाहिल्या आहेत. त्यामुळे पुलिंगबाईंना वेडगळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मूल गेल्यावर आईला कारण हवं असतं, आणि फाशांचा खेळ हे हाताशी असलेलं, दिसणारं कारण होतं. त्यांचं दुःख खरंच होतं. फक्त त्यांनी बघितलं ते चित्राकडे. मुखपृष्ठावरचा राक्षस, मंत्र, शिंगं. त्या खेळात पोरं एकमेकांसमोर बसून तासन्‌तास काय करतात, कसं बोलतात, हरल्यावर काय होतं, याकडे कुणी बघितलंच नाही.

आता नवऱ्याच्या खोक्यांकडे वळते. कारण कॉम्प्युटरवरचे हे भूमिका घेऊन खेळायचे गेम त्याच फाशांच्या खेळातून निघाले. १९८१ मध्ये ‘विझार्ड्री’ आला. त्यात सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरायचं. नकाशा गेममध्ये नाही, तो आपण आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत काढायचा. रस्ता चुकलात तर चुकलात! आमचे हे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर १९९७ नंतर खेळू लागले ते ‘डियाब्लो’ आणि मग १९९८ च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘बॉल्डर्स गेट’. कॅनडातल्या ज्या कंपनीनं तो केला ती काढणारे पेशानं डॉक्टर होते, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगण्यात आलं. तेव्हापासून किमान चाळीसदा सांगितलं गेलंय. त्यात लढाई ऐन रंगात असताना एक बटण दाबून थांबवता येते, सहाही जणांना काय करायचं ते सावकाश ठरवून सांगता येतं. संसारात असं बटण असतं तर! असो.

पण मला स्वतःला भुरळ पडली ती एका वेगळ्याच गेमची. टेक्ससचा रिचर्ड गॅरियट. शाळेत असल्यापासून गेम लिहायचा. त्याचा पहिला गेम प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात विकायला ठेवला होता आणि त्यावरचं चित्र त्याच्या आईनं काढून दिलं होतं. (बघा, इथेही आई आहेच.) पुढे त्याची ‘अल्टिमा’ मालिका गाजली. १९८३ च्या तिसऱ्या भागाच्या खोक्यावर शिंगंवाला राक्षस होता. मग त्याच्याकडे पालकांची पत्रं आली, तुम्ही मुलांना सैतानाच्या नादी लावताय म्हणून. त्यानं वैतागून पत्रं फेकून दिली नाहीत. त्याला दुसरंच काहीतरी दिसलं. आपल्या गेममध्ये मुलं चोऱ्या करतात, दिसेल त्याला मारतात आणि तरी शेवटी हिरोच ठरतात! १९८५ मध्ये त्यानं चौथा भाग आणला, ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’. हो, आपलाच अवतार. शेवटी मारायला कुणी खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, आध्यात्मिकता आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे, हाच खेळ. औषधी विकणारी बाई आंधळी आहे. आपण किती नाणी ठेवली ते तिला दिसत नाही. कमी ठेवली तरी माल मिळतो. गेम काही बोलत नाही. पण आत कुठेतरी नोंद होते.

एका घाबरलेल्या पत्राला असं उत्तर मिळालेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

हे सगळं मी मन लावून सांगतेय, तर तुम्ही विचाराल, तुझा काय संबंध? हाच प्रश्न माझ्या मुलीनं गेल्या दिवाळीत वेगळ्या शब्दांत विचारला. ‘बाबांचे दोन खोके, मामाचा एक. तुझा कुठला गं?’ मला चटकन काही सुचलं नाही. मलाही ती गाणी आवडायची. दादा क्लासला गेला की त्याचा वॉकमन लावून बसायचे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मी एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली होती आणि वर लेबल लावलं होतं ‘भावगीते’! रंगभवनला जायचा प्रश्नच नव्हता. रात्री अकराच्या लोकलनं मुलगी कशी येणार? लग्नानंतर माझं कपाट माहेरी रिकामं झालं, ती कॅसेट भंगारात गेली. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत बीकेसीच्या मैदानावर आले. त्यांचा तो जगदौरा सुरूच मुळी मुंबईतून झाला. नवरा आणि दादा दोघेही गेले. मुलगी आठ महिन्यांची होती. मला कुणी अडवलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. आपल्याकडे मुलग्यांच्या छंदाला खोका मिळतो. मुलींच्या छंदाचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

बायका तिथे नव्हत्या असं मुळीच नाही. लंडनचा ‘गर्लस्कूल’ हा मुलींचा मेटल बँड १९७८ पासूनचा. जर्मनीची डोरो पेश १९८६ मध्ये इंग्लंडच्या डॉनिंग्टनच्या प्रचंड मेळ्यात आपल्या बँडची मुख्य गायिका म्हणून उभी राहिली. तिथे तसं उभं राहणारी ती पहिलीच. आणि ‘विझार्ड्री’? तो खेळताना अडलेली मुलं कंपनीला फोन करायची. पलीकडून वाट सांगणारी होती ब्रेंडा नावाची पंधरा वर्षांची मुलगी! १९८१ मध्ये ती त्या नोकरीला लागली. अख्खं भुयार तिला पाठ. ती पुढे ब्रेंडा रोमेरो म्हणून नामांकित गेम डिझायनर झाली. ही नावं मुलीला सांगितली तेव्हा तिनं बाबाकडे असं काही बघितलं की विचारू नका. चाळीसदा सांगितलेल्या त्या डॉक्टरांच्या गोष्टीत ब्रेंडा एकदाही आली नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येते. कारण हे सगळं नुसतं गोड गोड आठवण्यासाठी सांगत नाही. मेटलला बाजारात पुन्हा बरे दिवस आलेत, त्याची काळजी करायला नको. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा जुन्या धाटणीच्या तबकड्या अधिक खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. मेटालिकानं तर २०२३ मध्ये तबकड्यांचा कारखानाच ताब्यात घेतला. ‘बॉल्डर्स गेट’चा तिसरा भागही त्याच वर्षी आला आणि वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. जुन्याची हौस पुरवणारे पुष्कळ आहेत. माझा प्रश्न त्या हौसेतून घरात काय येतं हा आहे.

शाळेतल्या पालकसभेत मी बघते. सगळ्यात तावातावानं बोलतात ते हेच चाळिशीतले बाबा. ‘आमच्या वेळी असं नव्हतं हो मॅडम. ही पोरं बघावं तेव्हा मोबाइलवर मारामाऱ्या.’ त्यांना विचारलं की तुम्ही काय खेळायचात, तर गडी खुलतो! डियाब्लो, डूम, रात्र-रात्र जागरणं. ज्याच्या स्वतःच्या भिंतीवर एडी होता तो मुलाच्या मोबाइलवरची बंदूक बघून घाबरतो. म्हणजे पुन्हा चित्राकडेच बघणं चाललंय.

आमच्या केंद्रात एक बाई आल्या होत्या. पोळी-भाजीचे डबे करतात. तेरा वर्षांच्या मुलानं त्यांच्या मोबाइलवरून दीड महिन्यात नऊ हजार रुपये घालवले होते, शंभर-दोनशे करत. डब्यांचे पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून. वडलांनी मुलाला बडवलं होतं, कशासाठी, तर ‘दिवसभर गोळ्या घालतोस’ म्हणून. मी मुलाशेजारी बसले आणि म्हटलं, मला दाखव, पैसे नेमके कुठे जातात? त्यानं दाखवलं. गोळ्यांचा काही संबंध नव्हता. बंद पेटी विकत घ्यायची. आत काय निघेल ते आधी कळत नाही. चांगला पोशाख निघाला तर निघाला, नाहीतर आणखी एक पेटी. आपल्या जत्रेतल्या सोडतीसारखंच, फक्त ही जत्रा खिशात आणि बारा महिने चालू. शिवाय रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, पुन्हा पहिल्यापासून. तो पोरगा तापानं फणफणलेला असतानाही हजेरी लावायला उठला होता, हे त्याच्या आईला तिथे माझ्यासमोर पहिल्यांदा कळलं.

बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या खेळांवर आहे. कायदे होतील तेव्हा होतील. घरात काय करायचं?

तर इथे त्या खोक्यांचा उपयोग आहे. ‘बॉल्डर्स गेट’ एकदा विकत घेतला की संपलं, पुन्हा तो एक पैसा मागत नाही. (आमच्या ह्यांची पहिली प्रत लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरची होती, तेव्हा ‘विकत’ या शब्दावर फार जोर देत नाही.) त्याला शेवट आहे. महिनाभर परीक्षा आली म्हणून बंद ठेवला तर तो तुम्हाला शिक्षा करत नाही, टोळी बिचारी जिथल्या तिथे उभी असते. मेटलची चाळीस-पन्नास मिनिटांची रेकॉर्ड वाजते आणि थांबते. राक्षस सगळे वरच्या खोक्यावर होते, आत लपलेलं काही नव्हतं. आजचे कितीतरी गेम नेमके उलटे आहेत. वरून फुलाफुलांचे, गोंडस, आणि आत काय चाललंय ते आईला कळायला मार्ग नाही. म्हणून मी आता पालकसभेत बाबांना सांगते, तुम्ही जाणकार आहात, बायकांवर काय खेकसता? मुलाशेजारी बसा आणि तुमच्या जुन्या गेमला मिळाली असती ती उत्तरं या गेमकडे मागा. हा संपतो का? एकदाच पैसे घेतो का? चार दिवस नाही खेळलं तर काय करतो? यात विकत घेतो ते आधी दिसतं का? बंदूक किती मोठी आहे हे सगळ्यात शेवटी विचारा. नाही विचारलं तरी चालेल.

काही बाबांना हे पटतं. काही जण मात्र ‘आमचं वेगळं होतं’ यावर अडून बसतात. त्यांचं वेगळं होतंच, ते मी नाकारत नाही. पण ते वेगळं कशात होतं हे त्यांना नीट सांगता येत नाही, तोवर मुलाला ती बाबाची टकळीच वाटणार. आमच्या अप्पांची दादाला वाटायची तशी.

घरी मी प्रयोग करून बघितला. आमच्या धाकट्याला, तोही तेराचाच, सुट्टीत ‘अल्टिमा’चा तो चौथा भाग लावून दिला. आधी त्या ठोकळ्या-ठोकळ्यांच्या चित्रांना पोट धरून हसला. मग दोन दिवस बाबाशी बोलत, कागदावर खुणा करत खेळला. औषधीवाल्या बाईला त्यानं प्रत्येक वेळी एकेकच नाणं दिलं आणि आमच्याकडे बघून डोळे मिचकावले. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मला गप्प बसणं फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी तो राजवाड्यातल्या ज्ञानी माणसाकडे आपली प्रगती विचारायला गेला, आणि त्यानं प्रामाणिकपणाच्या नावानं याला चांगलंच फैलावर घेतलं. पोरगा गोंधळला. ‘पण तिला दिसत नव्हतं ना!’ म्हणाला. मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसला आणि बाबाला विचारलं, ‘त्या बाईचे राहिलेले पैसे आता देता येतात का?’ नवऱ्यालाही ते आठवेना. खोक्यातली वही शोधायला तो स्टूल घेऊन माळ्याकडे गेला. तेवढ्यात मुलाच्या मोबाइलनं टिंग केलं, हजेरीची वेळ झाली होती, आणि तो तिकडे गेला.